कोळशाचे ऋण

ज्या वस्तूच्या बळावर आपला संसार चालतो, तिच्याकडे आपण क्वचितच निरखून पाहतो. कोळशाचे तसेच आहे. कळ दाबली की दिवा लागतो; पण त्या उजेडासाठी भूमीच्या पोटात कोणी तरी अंधारात राबले आहे, याची आठवण आपणांस होत नाही. मला मात्र ती रोज होत असे. कारण माझ्या नोकरीची पुष्कळशी वर्षे चंद्रपूर जिल्ह्यातील एका कोळसाखाणीच्या वसाहतीतील शाळेत गेली.

आमच्या शाळेच्या घंटेपूर्वी खाणीचा भोंगा वाजे आणि सारे गाव त्या भोंग्याच्या तालावर चाले. ‘माझे वडील’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, की निम्म्या वह्यांत टोपीवरच्या दिव्याचे वर्णन हमखास येई. एका मुलीने लिहिले होते, ‘वडील घरी येतात तेव्हा आधी त्यांचे फक्त डोळे ओळखू येतात.’ शुद्धलेखनाच्या चार चुका असूनही तो निबंध मी साऱ्या वर्गाला वाचून दाखविला होता.

खाणीवर केवळ खाणीत उतरणारेच जगतात असे नाही. चहाची टपरी चालविणारा, गणवेश शिवणारा शिंपी, बाजाराच्या दिवशी खेड्यातून भाजी आणणारी बाई, सायकली दुरुस्त करणारा, या सर्वांचा घास पगाराच्या तारखेशी बांधलेला असतो. पगार एक आठवडा लांबला तरी वाण्याच्या वहीतील उधारी वाढत जाई.

परंतु खाण काही चिरंजीव नसते. आमच्याच जिल्ह्यात इंग्रजी अमदानीत सुरू झालेली वरोऱ्याची खाण विसाव्या शतकाच्या प्रारंभीच बंद पडली. थर संपतात, खोली वाढते, पाणी शिरते, खर्च परवडेनासा होतो. आता याहूनही मोठे कारण पुढे आले आहे. कोळसा जळताना निघणारा कर्बवायू वातावरणात साठतो आणि पृथ्वीचे तापमान वाढवितो. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला तापमानवाढ म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. २०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत भारताने जाहीर केले, की २०७० पर्यंत आपण वातावरणात कर्बवायूची निव्वळ भर घालणार नाही. आज आपली निम्म्याहून पुष्कळ अधिक वीज कोळशापासूनच होते आणि २०२४-२५ या वर्षात देशातील कोळशाचे उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेले. तेव्हा खाणी उद्याच बंद होतील असे नाही. पण कधी तरी होतील, यात शंका नाही. त्या कशा बंद व्हाव्यात, हा खरा प्रश्न आहे.

एखादा उद्योग कसा बंद होऊ नये, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेण्यात आलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, गिरणगावच्या चिमण्या विझल्या आणि कित्येक कुटुंबे कोकणात व घाटावर आपापल्या गावी परतली. इंग्लंडमध्येही १९८४ साली सरकारने खाणी बंद करण्याचे ठरविताच कामगारांनी संप पुकारला. वर्षभराने कामगार हरले आणि त्यानंतर खाणगावांची जी वाताहत झाली, तिच्या खुणा अजूनही पुरत्या बुजलेल्या नाहीत.

जर्मनीतील रूर खोऱ्याने निराळी वाट धरली. १९५७ च्या सुमारास पश्चिम जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत सुमारे ६ लाख माणसे काम करीत. पुढे परदेशाहून येणारा कोळसा स्वस्त पडू लागला आणि तेथील खाणी सरकारी अनुदानावर कशाबशा तग धरून राहिल्या. अखेर २००७ साली सरकार, खाणीची कंपनी आणि कामगार संघटना एकत्र बसल्या आणि २०१८ अखेर खाणी बंद करावयाच्या, असे ठरले. म्हणजे कामगारांस अकरा वर्षे आधी तारीख कळली. वयस्क कामगारांना निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत निर्वाहभत्ता मिळाला. तरुणांना दुसरे काम शिकविण्यात आले किंवा दुसरीकडे सामावून घेण्यात आले. २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोप येथील शेवटच्या खाणीतून वर आणलेला कोळशाचा अखेरचा तुकडा खाणकामगारांनी राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला. १९८६ साली बंद झालेली एसेन येथील झोलफेराइन ही खाण तर आज जागतिक वारसास्थळ म्हणून पाहिली जाते.

म्हणून तेथे सारे सुरळीत झाले असे समजू नये. रूरमधील काही शहरांत बेकारी अद्याप देशाच्या सरासरीहून अधिक आहे. जुन्या खाणींत साठणारे पाणी उपसण्याचे काम तर कायमचेच मागे लागले असून, त्यासाठी स्वतंत्र निधी राखून ठेवावा लागला आहे. शिवाय जर्मनी श्रीमंत राष्ट्र आहे. तेथील सर्व उपाय आपणांस जसेच्या तसे उचलता येतील असे नाही. परंतु तारीख आधी सांगणे आणि मधला काळ कामगाराच्या तयारीसाठी देणे, यांस पैशापेक्षा प्रामाणिकपणाच अधिक लागतो.

आपल्याकडे अडचण आणखी एक आहे. खाणीच्या हजेरीपटावर ज्याचे नाव असते, त्याला भविष्यनिर्वाह निधी असतो, उपचारासाठी दवाखाना असतो, मागण्या मांडावयास संघटना असते. पण त्याच खाणीत कंत्राटदाराकडे काम करणारा मजूर तोच कोळसा उचलतो, तीच धूळ गिळतो आणि काम संपले की त्याचे नाव कोठेच राहत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील असे मजूर होते. कंत्राट संपल्यावर ते शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आले. “कोठे जाणार?” असे मी विचारले. ते म्हणाले, “गुरुजी, जिथं काम तिथं गाव.” मुलगा हुशार होता. सहामाही परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. मी दाखला लिहून दिला. दुसरे काय करणार? तो पुढे शिकला की नाही, हे मला कधीच कळले नाही.

खाणी बंद करण्याचा विचार जेथे होईल, तेथे या माणसाचे नाव यादीत आधी लिहिले गेले पाहिजे. त्याला नवे काम शिकवावयाचे ते जुने काम चालू असतानाच शिकविले पाहिजे. कारण रिकाम्या पोटी कोणी विद्या ग्रहण करू शकत नाही. त्याच्या मुलांची शाळा तर खाणीबरोबर कदापि बंद होता कामा नये.

बालमित्रांनो, तुमच्या काळात घरोघरी सूर्याची आणि वाऱ्याची वीज येईल. हवा निर्मळ होईल, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण दीड-दोन शतके ज्यांनी अंधारात उतरून आपल्यासाठी उजेड वर आणला, त्यांच्याच घरी त्या दिवशी चूल पेटली नाही, तर तो उजेड आपणांस शोभणार नाही. ऋण फेडावयाचे असते, आणि ते धनको दारातून निघून जाण्यापूर्वीच फेडलेले बरे.