जसे आहे, जेथे आहे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घरातल्या सगळ्या शहाणपणाचा मक्ता आपल्याकडे आला, असे मला प्रथम वर्षी वाटू लागले होते. हा गैरसमज चाळीस मिक्सरांनी दूर केला.

पाटणच्या एस.टी. स्टँडजवळ आण्णांचे मिक्सर-पंखे दुरुस्तीचे दुकान आहे. दुकान कसले, टपरीच! कुणी जुना मिक्सर विकायला आणला की आण्णा तो घेतात, नीट करतात आणि विकतात. पण असा माल महिन्याला एखाददुसरा. मग मला मोबाईलवर लिलावाची खबर लागली. गिऱ्हाइकांनी ऑनलाईन मागवून परत पाठवलेल्या वस्तू भिवंडीच्या गोदामात साठतात आणि त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे लिलावात निघतात. तसा हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. ‘बाझी डॉट कॉम’ ही लिलावाची साइट मुंबईत २००० साली निघाली. २००४ मध्ये ती ‘ईबे’ने घेतली आणि ईबेची इथली साइट २०१८ मध्ये बंदही झाली. सरकारी भंगाराचे लिलाव तर १९६४ साली स्थापन झालेली ‘एमएसटीसी’ ही कंपनी ऑनलाईन करते. मला वाटले, माल शोधत हिंडायचे दिवस गेले. आता माल आपल्याला शोधत येणार!

आईची वीस हजारांची भिशी लागली होती. ते पैसे पावसाळ्याआधी घरावर नवे पत्रे घालण्यासाठी होते. मी तिला म्हणालो, “दोन महिन्यांत दुप्पट करून देतो.” तिने माझ्याकडे पाहिले आणि डब्यातून पैसे काढून दिले. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला नाही कसे म्हणायचे?

आण्णांच्या नावाने नोंदणी केली, बयाणा भरला. चाळीस मिक्सर, पहिली बोली ६,००० रुपये. दहा हजारांवर जायचे नाही, असे मी मनाशी ठरवले होते. पण शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आपोआप पाच मिनिटांनी वाढे. समोरचा कोण, कुठला, काही कळत नव्हते. त्याचा आकडा मात्र डोळ्यांसमोर नाचत होता. अजून पाचशेच, अजून पाचशेच, असे करत मी १४,००० वर गेलो आणि जिंकलो. आनंदाने ओरडलोदेखील!

कर १८ टक्के, म्हणजे २,५२० रुपये. भिवंडी ते कराड ट्रान्सपोर्ट १,९००, तिथून पाटणपर्यंत टेंपो ७००. यातला एकही खर्च मी धरला नव्हता.

खोकी उतरली. आण्णांनी पहिला मिक्सर उचलला आणि नाकाशी नेला.

“वास घेतलावतास का मोटारीचा?”

“आण्णा, फोटोत वास कसा येणार?”

“मग बघायला जायचं हुतं.”

पाहणीचा दिवस होता; पण भिवंडीपर्यंतचे गाडीभाडे वाचवावे म्हणून मी गेलो नव्हतो. जाहिरातीत तर स्पष्ट छापले होते – माल ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर. तक्रार कुणाकडे करणार?

अकरांची वायंडिंग जळालेली होती. सात नुसते धडच होते, भांड्यांचा पत्ता नाही. उरलेल्यांपैकी कुणाचा कपलर तुटलेला, कुणाचे कार्बन झिजलेले. दीड महिना आण्णा रात्री अकरापर्यंत बसले. २,४०० रुपयांचे सुटे भाग लागले आणि बावीस मिक्सर चालू झाले. खोकी चकचकीत होती. मी म्हणालो, “नवेच म्हणून देऊ या, कुणाला कळतंय?” आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी पेन घेतला आणि प्रत्येक खोक्यावर ‘दुरुस्त केलेला’ असे लिहिले. अक्षर वेडेवाकडे, पण लांबूनही वाचता येईल एवढे मोठे. नऊशेला एक असे सतरा विकले गेले. भंगाराचे १,३५० आले. राहिलेले पाच विकले गेले, तरीही ३७० रुपये तोटाच. आणि आण्णांची मजुरी मी अजून हिशेबात धरलेलीच नाही. त्या पावसाळ्यात गळक्या जागी आईने पातेली मांडली. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

पुढे अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचले की या माझ्या पराक्रमाला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. समुद्रातल्या तेलाच्या ठेक्यांसाठी अमेरिकन कंपन्या अशाच चढ्या बोली लावून फसल्या, हे १९७१ मध्ये तिथल्या तीन अभियंत्यांनी मांडले. लिलावाच्याच अभ्यासाबद्दल मिलग्रोम आणि विल्सन यांना २०२० चे नोबेल मिळाले. आमच्या आजोबांना यातले काही ठाऊक नव्हते. पण बैलबाजारात ते उपरण्याखाली बोटे धरून सौदा करत. किंमत दोघांतच राहायची, तिसऱ्याचा आकडा पाहून डोके तापायची सोयच नव्हती. बैलाचे दात मात्र ते आधी पाहून घेत.

यंदा दिवाळीनंतर पुन्हा एक गठ्ठा निघाला, पंचवीस मिक्सरांचा. या वेळी आण्णांनी एक दिवस टपरी बंद ठेवली आणि आम्ही दोघे भिवंडीला गेलो. त्यांनी एकेक मिक्सर हातात तोलला, कपलर बोटाने फिरवून पाहिला, वास घेतला. परतीच्या एस.टी.त तिकिटाच्या मागे मी भाड्यासकट सगळा हिशेब मांडला. आकडा आला ६,५००.

लिलावाच्या संध्याकाळी ते तिकीट समोर ठेवून आम्ही टपरीत बसलो. शेवटच्या मिनिटाला बोली ७,००० वर गेली. माझे बोट पुढे सरकले होते. आण्णांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, फळीवर पालथा ठेवला आणि म्हणाले, “त्यो स्क्रू-ड्रायव्हर दे हिकडं.”