१८ वर्षांचे पिंप आणि सांगोल्याचे ऊन

१/
अमेरिकी बर्बनच्या बाटलीवर ‘१८ वर्षे’ आणि ‘सिंगल बॅरल’ हे शब्द दिसले की बहुतेकांच्या मनात प्रथम किंमत येते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तेथे वेगळा प्रश्न विचारावा : इतकी वर्षे ही दारू सांभाळली कोणी, आणि सांभाळणे त्याला परवडले कसे? या प्रश्नाचे एक टोक केंटकीच्या गोदामांत आहे, दुसरे मुंबई इलाख्याच्या अबकारी कायद्यात. हा थ्रेड त्याविषयी. 🧵

२/
सांगोला तालुक्यातील एक डाळिंबाचा मळा. मे महिना, दिवसभर पारा चाळिशीच्या वर. अमेरिकेहून आलेल्या भाच्याने अशीच एक बाटली मामांपुढे ठेवली. मामांनी पेला उजेडाकडे धरला. रंग काकवीचा. वासात आधी व्हॅनिला, मग जळके लाकूड, मग खारीक. पहिल्या घोटात गोडी, मागोमाग छातीपर्यंत उतरणारी ऊब. शेवटी जिभेवर राहिला तो कोरडा तुरटपणा. ‘‘डाळिंबाची साल चावल्यागत झालं की रे,’’ मामा म्हणाले.

३/
मामांचे निरीक्षण अचूक होते. डाळिंबाच्या सालीत आणि ओकच्या लाकडात एकाच कुळातील द्रव्ये असतात : टॅनिन. कातडी कमावण्यासाठी दोन्हींचा उपयोग पूर्वापार होत आला. व्हॅनिलाचा गंधही लाकडाचाच; पिंप आतून जाळताना लाकडातील लिग्निनचे विघटन होऊन तो निर्माण होतो. भट्टीतून उतरलेला अर्क पाण्यासारखा रंगहीन असतो. पेल्यातील रंग आणि चवीचा मोठा भाग पिंपाने दिलेला असतो.

४/
उंबऱ्याशी बसलेल्या आजीने पेल्याकडे पाहिलेही नाही. तिचा थोरला मुलगा हातभट्टीने गेला होता. गावात दारू दुकानाविषयी बायकांचे मतदान झाले, तेव्हा तिने ‘आडव्या बाटली’ला मत दिले होते. बाटलीचे वय ऐकून तिने एवढेच विचारले, ‘‘१८ वरसं? आन् तवर सरकारनं हात लावला न्हाई?’’ भाच्यापाशी उत्तर नव्हते.

५/
उत्तराआधी थोडी व्याख्या. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बर्बन हे त्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचा ठराव केला. धान्यात किमान ५१ टक्के मका आणि आतून जाळलेले कोरे ओक पिंप, या तिच्या मुख्य अटी. एरवी अनेक पिंपांतील दारू एकत्र करून चव सारखी राखली जाते. सिंगल बॅरलमध्ये एका बाटलीत एकाच पिंपाची दारू असते. त्यामुळे त्या पिंपाचे गुणदोष झाकले जात नाहीत. १९८४ मध्ये एल्मर टी. ली यांनी बाजारात आणलेल्या ‘ब्लँटन्स’ने हा प्रकार रूढ केला.

६/
पिंप श्वास घेते. उन्हाळ्यात दारू लाकडात शिरते, हिवाळ्यात माघारी येते, आणि या ये-जा करण्यात थोडी उडून जाते. या तुटीला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. वर्षाला ४ टक्के घट धरली, तर २०० लिटरच्या पिंपात १८ वर्षांनी सुमारे ९६ लिटर उरते. आता कळीचा मुद्दा : दारूवरील कर भरताना मोजायचे कोणते लिटर? भरलेले २००, की उरलेले ९६?

७/
यादवी युद्धाच्या काळात अमेरिकी सरकारने दारूवर जबर कर बसवला; मात्र माल सरकारी देखरेखीच्या बाँडेड गोदामात असेपर्यंत कर भरण्यास सवलत दिली. ही मुदत १८६८ मध्ये १ वर्षाची होती, पुढे ३ वर्षांची आणि १८९४ मध्ये ८ वर्षांची झाली. केंटकीचे प्रतिनिधी जॉन कार्लाइल यांच्या प्रयत्नांनी १८८० मध्ये उडून गेलेल्या दारूवरील करातही सूट मिळाली. देवदूतांचा वाटा सरकारने आपल्या हिशेबातून वजा केला!

८/
तरीही ८ वर्षे संपली की कर देय होई. त्यापुढे दारू मुरवणे तोट्याचे. कोरियन युद्धात टंचाई येईल या अंदाजाने लुइस रोझेनस्टील या उद्योजकाने प्रचंड साठा केला. टंचाई आलीच नाही आणि पिंपांची मुदत भरत आली. त्याच्या खटपटीने १९५८ मध्ये ही मुदत २० वर्षांवर गेली. आज मिरवला जाणारा दीर्घकाळ मुरलेला बर्बन या कायद्याच्या आधाराने उभा आहे. आजीच्या प्रश्नाचे उत्तर हेच : सरकारने हात लावला नाही, म्हणून दारू म्हातारी होऊ शकली.

९/
मग आपल्याकडे? मुरलेल्या मद्याचे गुण आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. नवे मद्य जड व दोष वाढवणारे, जुने हलके व अग्निदीपक, असा भेद चरकसंहितेत आहे. आसव-अरिष्टे जुनी होतील तशी गुणकारी होतात, हा वैद्यकातील प्रस्थापित विचार. ज्ञान होते, व्यवहारात त्याची परंपरा का वाढली नाही, हे राज्यकर्त्यांच्या धोरणांत शोधावे लागते.

१०/
सांगोल्याचे नाव मराठी इतिहासात ठळक आहे ते १७५० च्या करारामुळे. यमाजी शिवदेवाचे बंड मोडल्यावर येथे रामराजांकडून झालेल्या करारनाम्याने राज्यकारभाराची सूत्रे पेशव्यांकडे गेली. त्या पेशवाईचे धोरण दारूबंदीचे होते. न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशांवरील आपल्या विवेचनात त्याची दखल घेतली आहे. कोकणपट्टीत भंडारी-कोळ्यांसारख्या समाजांना तेवढी मोकळीक होती.

११/
इंग्रजांनी बंदीच्या जागी महसूल आणला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारी पकड बसली आणि गाळप मक्तेदारांच्या मध्यवर्ती भट्ट्यांकडे सरकले. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाबा भागांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. पिढ्यान्‌पिढ्या घरी गाळणारा माणूस एका कायद्याने गुन्हेगार ठरला. चोरून गाळलेली दारू साठवता येत नाही. प्रत्येक रात्र धाडीची भीती. ती गाळायची आणि ताबडतोब संपवायची. हातभट्टीला बालपणाखेरीज वयच मिळाले नाही.

१२/
स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पुढे बंदी सैल झाली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले. पण मूळ कायदा कायम राहिला. आजही महाराष्ट्रात मद्य पिण्यास परवाना लागतो, आणि तो दारूबंदी कायद्याखाली मिळतो! चोरट्या दारूची किंमत माणसे मोजतच राहिली. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले.

१३/
हवामानाचाही वाटा आहेच. आपल्या उष्णतेत वार्षिक घट १० टक्क्यांपर्यंत जाते. त्या दराने २०० लिटरच्या पिंपात ६ वर्षांनी १०६ लिटर उरतील, १८ वर्षांनी जेमतेम ३०. बंगळुरूच्या ‘अमृत’ने (१९४८ मध्ये हा उद्योग उभारणारे राधाकृष्ण जगदाळे, आडनाव मराठी वाचकास ओळखीचे वाटेल) २०१३ मध्ये ८ वर्षे मुरलेली सिंगल माल्ट काढली, तेव्हा तिचे नावच ठेवले ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरे देवदूत. केंटकीची १८ वर्षे सांगोल्याच्या उन्हात मोजायची झाली, तर गणितच बदलावे लागेल.

१४/
म्हणून बाटलीवरील वय हा केवळ निसर्गाचा किंवा कारागिराच्या संयमाचा आकडा नव्हे. कर कधी घ्यायचा, कोणाकडून घ्यायचा आणि कोणाला तुरुंगात टाकायचे, याचे निर्णय त्या आकड्यात मुरलेले असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने बर्बनवरील आयात शुल्क १५० वरून १०० टक्के केले. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये राज्याच्या वारशाचा दर्जा. महाराष्ट्रात मोहाची दारू मात्र अजून पोलिसी पंचनाम्यातच अधिक भेटते.

१५/
मुरलेली दारू निरुपद्रवी असते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. यकृत पिंपाचे वय विचारत नाही, आणि आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बायकांचा अनुभव कोणत्याही चवीपेक्षा जड आहे. पण त्यांचा राग आणि भाच्याने आणलेल्या बाटलीचा थाट, दोन्हींची मुळे एकाच विषयाच्या इतिहासात आहेत, आणि तो विषय महसुलाचा आहे.

आपल्या तालुक्याच्या गॅझेटियरमधील ‘अबकारी’ हे प्रकरण सहसा कोणी उघडत नाही. ज्यांनी उघडले असेल, त्यांनी तेथे काय सापडले ते खाली अवश्य लिहावे.