कार्डांना कात्री लावण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी

चि. सोनू,

शेजारच्या आजींनी माळा आवरताना तुला दिलेल्या बेसबॉल कार्डांचे फोटो पाहिले. खराब झालेल्या कडा कापून आणि डाग खोडरबराने पुसून ग्रेडिंगला पाठवली तर ग्रेड वाढेल का, असं तू विचारतोस. सोनू, आधी कात्री आणि रबर खणात टाक.

ग्रेड देणारे भिंगाखाली कोपरे, कडा आणि पृष्ठभाग बघतात. चित्र चौकटीत मधोमध छापलंय का, तेही बघतात. मग १ ते १० पैकी अंक देऊन कार्ड प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. खेळाडू किती थोर, याच्याशी त्या अंकाचा संबंध नाही. तो कागदाच्या तब्येतीचा अंक. मिकी मँटल या खेळाडूचं टॉप्स कंपनीचं १९५२ चं कार्ड काही फार दुर्मीळ नाही, छपाईच्या पानावर ते दोनदा होतं. पण खपलं नाही म्हणून त्या वर्षीच्या कार्डांची खोकीच्या खोकी १९६० मध्ये अटलांटिकमध्ये बुडवली गेली, आणि पोरांच्या हाती पडलेली कार्डं खिशात मळली, सायकलच्या आऱ्यांत फडफडली. कोरी करकरीत राहिली ती अगदी मोजकी. त्यांतलं ९.५ अंकांचं एक २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं.

आता तुमच्या पिट्सबर्गचा होनस वॅग्नर. सिगारेटच्या पाकिटातून १९०९ च्या सुमारास निघणाऱ्या त्याच्या कार्डाची छपाई लवकर थांबली, त्यामुळे आज जेमतेम पन्नास-साठ उरलीत. त्यांतल्या सर्वांत देखण्या कार्डाला ग्रेड देणाऱ्या पीएसए कंपनीने १९९१ मध्ये ८ अंक दिले. कंपनीने तपासलेलं ते पहिलंच कार्ड. २००७ मध्ये त्याला २८ लाख डॉलर मिळाले. पुढे २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्याने न्यायालयात कबूल केलं, की त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या. नियमाप्रमाणे कापलेल्या कार्डाला अंकच मिळत नाही, आणि माझ्या मते त्या ८ ला काडीचा अर्थ उरलेला नाही. याउलट, फक्त २ अंकांचं एक झिजलेलं वॅग्नर कार्ड २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरना विकलं गेलं. वापराने आलेली झीज लोक मान्य करतात, लबाडी नाही.

तुझ्या फोटोंतली १९८८ ते ९० ची कार्डं बाजूला काढ. ती अमाप छापली गेली, बहुतेकांची किंमत ग्रेडिंगच्या फीएवढीही येणार नाही. १९५० च्या दशकातली मात्र आहेत तशी, न पुसता, एकेक करून मऊ पाकिटात घाल, आणि मागच्या बाजूचेही फोटो पाठव.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आजींनी अडगळ समजून ती तुला दिली आहेत. विकण्याआधी कार्डांची खरी किंमत त्यांना सांग, आणि मग त्या काय म्हणतील तसं कर.

तुझा,
मामा