दोघांपुरते माप

पंधरा माणसांच्या घरात वाढलेल्या मुलीला स्वयंपाक येत नाही, असे कोणी म्हणणार नाही. पण लग्नानंतर पुण्यातील दोन खोल्यांच्या घरात तिने पहिल्यांदा खिचडीचा कुकर उघडला, तेव्हा आत सहा माणसे जेवतील एवढी खिचडी होती. चव उत्तम होती, मीठ बेताचे होते. चुकले होते ते माप. तिचा हात मापाला सरावलेला होता, परंतु ते माप पंधरा जणांचे होते.

नवऱ्याच्या घरचे कापडाचे दुकान अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी. वडिलांनी पुण्यात दुसरे दुकान घेतले आणि धाकट्या मुलाला, लग्न होऊन महिना होतो न होतो तोच, तिकडे धाडले. नव्या दुकानात भांडवल अडकलेले, घरभाडे डोक्यावर. अशा वेळी नवा संसार काटकसरीने चालला पाहिजे, हे दोघांनाही कळत होते. काटकसर नेमकी कुठे करायची, हे मात्र दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

उरलेल्या अन्नाचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहिला. ज्या घरात नियम पाळले जातात, तेथे ओलसर शिजवलेले अन्न रात्र ओलांडून ठेवत नाहीत; ते वासी मानतात. मोठ्या घरात असे अन्न उरतच नाही, कारण खाणारे हात पुष्कळ असतात. इथे वरण उरे, भाजी उरे. दिवस मावळण्याआधी ते इमारतीच्या रखवालदाराला दिले जाई. तो नसला की टाकावे लागे. टाकताना तिला दोन्हीकडून बोचे: पैसा वाया गेला आणि अन्नही.

दुसरे माप चुकत होते ते वेळेचे. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दुकानाचे शटर खाली यायला रात्रीचे साडेआठ वाजतात. तिचा चउविहार असे. साडेपाचला ती एकटी जेवून घेई. तो कधी दुकानाबाहेरच काहीतरी मागवून खाई, कधी रात्री घरी येऊन गार झालेले जेवे. माहेरी वा सासरी, कुठेही एकटे जेवण्याची सवय नसलेली ती मुलगी एका संध्याकाळी म्हणाली, “अहो, लग्न झाल्यापासून आपण दोघे एका वेळी किती वेळा जेवलो, ते मोजले का?” त्याने मोजले. उत्तर सांगण्याजोगे नव्हते. ते दोघे त्या रात्री फार बोलले नाहीत.

त्याच सुमारास सासूबाई आठ दिवस राहायला आल्या. त्यांनी उरलेली पातेली पाहिली, संध्याकाळचे एकटे ताट पाहिले. रागावल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सामानातून एक लहान स्टीलची वाटी आणि दुकानातली एक कोरी वही काढली. म्हणाल्या, “अगं, दुकानात कापड इंचाच्या मापाने फाडतात ना? मग घरात पीठ अंदाजाने का घ्यायचे? खर्च तर सगळेच लिहितात. तू रोज काय टाकले, ते लिही.”

व्यापाऱ्याच्या घरात वहीचा मान मोठा. रोजमेळ रोज लिहावा आणि रोज जुळावा, हे मुले लिहायला शिकण्याआधी ऐकतात. त्यामुळे ही वही हसण्यावारी गेली नाही. पहिल्या पंधरवड्यात ‘टाकले’ या रकान्याखाली ओळीच ओळी भरल्या. पुढे ती वाटी बोलू लागली. अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ आणि चार वाट्या पाणी: दोघांची मऊ खिचडी. सपाट एका वाटीच्या कणकेचे चार फुलके. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले गेले आणि पातेलीही लहान झाली.

साधा स्वयंपाक म्हणजे बेचव स्वयंपाक नव्हे. कांदा, लसूण, बटाटा नसलेल्या स्वयंपाकात कच्चे केळे बटाट्याचे काम करते, हिंग फोडणीला उभारी देतो आणि ओल्या आल्याऐवजी सुंठ चालते. हिरवी भाजी नसलेल्या तिथीला गट्टे असतात. बेसनात ओवा, मीठ आणि मोहन घालून घट्ट मळावे, लांबट वळकट्या उकळत्या पाण्यात सोडाव्यात. त्या वर तरंगू लागल्या आणि अंगावर बारीक फोड दिसू लागले की शिजल्या. त्यांचे उरलेले पाणी टाकायचे नाही, तेच रश्शात जाते. पापडाची भाजी, शेवेची भाजी आणि मुगाच्या वड्याही अशाच. पैसा कमी, वेळ कमी.

कढीने मात्र तिला दोनदा फसवले. कच्च्या दह्यात डाळीचे पीठ कालवले की द्विदल होते, म्हणून दही आधी कढत करून मगच बेसन घालायचे. पण नुसते दही तापवले की फाटते. सासूबाईंनी तोड सांगितली. घुसळलेल्या दह्यात आधी चमचाभर तांदळाचे पीठ मिसळावे आणि मंद आचेवर एकाच दिशेने ढवळत राहावे. तांदळाच्या पिठाने दही धरून राहते आणि तांदूळ द्विदल नसल्याने नियमही मोडत नाही. दही चांगले कढले की पाण्यात कालवलेले बेसन घालून उकळावे.

धान्याच्या बाबतीत सासूबाईंनी स्वतःचाच रिवाज मोडला. गावी त्या उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरतात, कडक ऊन देतात, डाळीला एरंडेल चोळून ठेवतात. सुनेला मात्र त्यांनी महिन्याचेच भरायला सांगितले. दोघांच्या घरात वर्षाचे धान्य संपत नाही. पावसाळ्यात त्याला कीड लागते. मग पैसा जातो आणि निवडताना जीवही जातात. थोडे आणणे ही तिथे काटकसरही झाली आणि जयणाही.

घर सजवण्याची वेळ आली, ती तिचे आईवडील पहिल्यांदा पाहायला येणार म्हणून. खिडक्या उघड्या होत्या, बैठकीवर साधी चादर होती. हप्त्यावर सोफा घ्यावा, तयार पडदे आणावेत, असे तिच्या मनात होते. लेक साध्या घरात पडली, असे कोणी म्हणू नये, एवढेच. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातून ठाणांच्या शेवटी उरलेले सुती तुकडे घेऊन आला.

त्या रविवारी घराला कारखान्याचे रूप आले. कापड कापण्याआधी एकदा धुवून वाळवले, कारण सुती कापड पहिल्या पाण्यात आटते. साधे विणलेले सुती कापड कात्रीने कापण्यापेक्षा धाग्यात फाडले की धार सरळ येते, हे त्याला दुकानामुळे ठाऊक होते. पडद्याला चुण्या पडाव्यात म्हणून खिडकीच्या रुंदीच्या दीडपट कापड घेतले, खाली चार बोटे दुमड ठेवली. तो मापून फाडी, ती माहेरहून आणलेल्या मशीनवर शिवी. उरलेल्या पट्ट्यांच्या उशांच्या खोळी झाल्या, घट्ट विणीच्या जाड कापडाचे दुहेरी घडीचे पाण्याचे गाळणे झाले, आणि त्याहून लहान तुकड्यांच्या बाजाराच्या पिशव्या. लग्नाच्या उरलेल्या जाड पत्रिकांची पाकिटे झाली. त्यांतून पुढे आहेर दिले गेले. सोफा आला नाही.

आई आली, तिने पडद्याची दुमड उलटून शिलाई पाहिली आणि विचारले, “कोणी शिवले?” मुलीने नवऱ्याकडे पाहिले. दोघांचे हात लागले होते, म्हणून उत्तरही दोघांनी एकदमच दिले.

जैन घरांत पुणिया श्रावकाची कथा लहानपणीच कानावर पडते. तो कापसाच्या पुण्यांवर पोट भरणारा माणूस. राजा श्रेणिक ज्याच्या एका सामायिकाचे फळ मागायला गेला, तोच हा. रोजची कमाई दोघांच्या पोटापुरतीच. म्हणून पतिपत्नी आळीपाळीने उपवास करीत आणि वाचलेल्या ताटावर एका साधर्मिकाला जेवू घालीत. ही कथा बहुधा सामायिकाचे मोल सांगण्यासाठी सांगितली जाते. नव्या जोडप्याने ती संसाराची कथा म्हणूनही ऐकावी. त्या घरात माप दोघांना ठाऊक होते, आणि माप ठाऊक होते म्हणूनच तिसऱ्यासाठी जागा होती. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताचे नावच परिग्रह-परिमाण आहे. परिमाण म्हणजे माप. किती पुरेसे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. पण ठरवायचे असते. कंजूष माणूस दुसऱ्याच्या ताटातले मोजतो. परिमाण पाळणारा स्वतःच्या.

वेळेचे माप जुळायला जानेवारी उजाडला. आता ती पाच वाजता डबा घेऊन दुकानात जाते. मागच्या खोलीत, गठ्ठ्यांच्या शेजारी चटई अंथरली जाते. गल्ल्यावर वीस मिनिटे जुना माणूस बसतो. सुरुवातीला नवऱ्याला संकोच वाटे, गिऱ्हाईक परत जाईल असे भयही वाटे. एखादे गिऱ्हाईक गेलेही असेल. रोजमेळात त्याची नोंद नाही. सूर्य मावळण्याआधी दोघे एका वेळी जेवतात. बाहेरचे खाणे आपोआप सुटले.

सासूबाई पुढच्या वेळी आल्या, तेव्हा त्यांनी वही मागितली. ‘टाकले’ या रकान्यात सलग अकरा दिवस कोरे होते. बाराव्या दिवशी लिहिले होते : “अर्धी वाटी कढी. पाहुणे येणार होते, आले नाहीत.” सासूबाईंनी पान उलटले आणि म्हणाल्या, “पाहुण्यांसाठी उरले तर चालते गं. तेवढे माप मोठेच ठेव.”