कोऱ्या नावाचा माणूस

मुलांनो, आज मी तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. बाईंच्याही चुका होतात बरं का!

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. वाचनात कच्चा. जोडाक्षर आलं की गाडी अडलीच! पण नकला अशा करायचा की काही विचारू नका. कोंबडा, एस.टी.चा हॉर्न, भाजीवाल्या मावशी... डोळे मिटले तर वर्गात बाजार भरलाय असं वाटावं. एकदा मी फळ्यावर गणित लिहीत होते. मागून हेडमास्तरांचा आवाज आला, "बाई, गणित पुरे. मुलांना मैदानावर सोडा." मी "हो सर" म्हणून वळले, तर दारात कुणीच नाही! सगळा वर्ग खो खो हसत सुटला.

माझा पारा चढला. "नकला करून पोट भरत नाही. तुझं पुढे काही व्हायचं नाही!" असं मी सगळ्यांसमोर बोलून गेले. त्या दिवसापासून तो गप्पच झाला. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचा.

त्याच आठवड्यात मी अमेरिकेतल्या मेल ब्लँकविषयी वाचलं. गाजर खाणारा बग्ज बनी ससा, चिमुकला ट्वीटी पक्षी, त्याच्यावर टपलेला सिल्व्हेस्टर बोका, अडखळत बोलणारा पोर्की पिग आणि चिडका डॅफी डक तुम्हाला ठाऊक असतील. मूळ इंग्रजी कार्टूनमध्ये या पाचही जणांना आवाज दिला तो या एकाच माणसानं!

मेलचा जन्म १९०८ सालचा. शाळेत असल्यापासून त्याला वेगवेगळे आवाज काढायचा नाद. त्याच्या आडनावाचा इंग्रजीत अर्थ होतो 'कोरा'. तो सांगत असे, की एका शिक्षकांनी त्याला सुनावलं होतं, 'तू तुझ्या नावासारखाच कोरा राहणार.' ते त्याला इतकं लागलं, की सोळाव्या वर्षी त्यानं आडनावातलं शेवटचं अक्षर 'के' काढून 'सी' लावलं. उच्चार तोच, पण कोरेपणा गेला!

हे वाचताना मला माझेच शब्द ऐकू आले. मान खाली गेली.

पुढे मेल रेडिओवर काम करू लागला. कार्टूनच्या स्टुडिओत शिरायला त्याला बरेच महिने खेटे घालावे लागले. १९३७ मध्ये त्याला पोर्कीचं काम मिळालं आणि १९४० मध्ये बग्ज बनीचं. ट्वीटीचा आवाज ध्वनिमुद्रणानंतर थोडा वेगानं वाजवून बारीक करत. पण कोण तोतरं बोलेल, कोण थुंकी उडवत बोलेल, हे सगळं मेलच्या गळ्यातलं. लोक त्याला 'हजार आवाजांचा माणूस' म्हणू लागले.

१९६१ च्या जानेवारीत त्याच्या मोटारीला भयंकर अपघात झाला. दोन आठवडे तो बेशुद्ध होता. कुणाच्याही हाकेला ओ देईना. शेवटी एका डॉक्टरांनी त्याला 'बग्ज बनी' अशी हाक मारून तब्येत विचारली. आणि काय आश्चर्य! मेलनं उत्तर दिलं, तेही सशाच्या आवाजात! पुढे अंग प्लास्टरमध्ये असताना, पलंगावर पडून त्यानं 'द फ्लिंटस्टोन्स'मधल्या बार्नीचे संवाद म्हटले. १९८९ मध्ये तो वारला, पण त्याचे आवाज अजून ऐकायला मिळतात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्या मुलाला म्हटलं, "बाळा, मी बोलले ते चुकलं." तो बावरून बघतच राहिला. मग मी त्याला पुस्तकातला प्राण्यांच्या गोष्टीचा धडा वाचायला दिला आणि सांगितलं, "प्रत्येकाला त्याचा आवाज दे."

तो उठला. सिंह गुरगुरला, कोल्हा लाडे लाडे बोलला, उंदीर चिरचिरला. जोडाक्षरावर तो चारदा अडखळला. पण अडखळला तो सिंह किंवा कोल्हा, असं समजून पुढे वाचत राहिला. त्याने पहिल्यांदाच एक पूर्ण धडा संपवला.

तो पुढे कोण होईल, मला माहीत नाही. पण 'तुझं काही व्हायचं नाही' हे वाक्य मी पुन्हा कुणालाही म्हटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीला त्यानं हात वर केला नाही. "हजर!" म्हणाला, अगदी हेडमास्तरांच्या आवाजात!