निळ्या नखांचा हिशेब

कचेरीत आवक-जावकचे रजिस्टर लिहिताना आमच्या हाताकडे पाहून साहेबांनी एकदा विचारले, "बाई, शाई सांडली की काय?" शाई नव्हती, नीळ होती. आदल्या रात्री अकरा वाजेपर्यंत पिंपात हात घालून आम्ही ओढण्या बुडवत होतो. नखात शिरलेली नीळ साबणाने निघत नाही, ती नखाबरोबर वाढून कापली जाते तेव्हाच जाते.

आम्ही पाचजणी. तिघी साताऱ्याच्या, दोघी सांगलीच्या. त्यातल्या दोघी सख्ख्या बहिणी, एक नणंद, एक भावजय, आणि पाचवी वस्तीतली मावशी, जिला लिहिता येत नाही पण कापडाला हात लावताच त्याचा पोत सांगता येतो. आमच्यात बी.कॉम. होऊन कारकुनी करणारी एकच. तिने हे लिहिले आहे, पण काम पाचजणींचे असल्याने जे सांगायचे ते आम्ही म्हणूनच सांगतो.

विहारातल्या बचत गटातून २०१६ साली आम्ही धंदा करायचे ठरवले. सुरुवात सगळ्या करतात तशी पापड-लोणच्यापासून केली. माल चांगला होता. परंतु घरोघर फिरताना दारातच प्रश्न यायचा, "कुठल्या वस्तीतल्या तुम्ही?" उत्तर दिले की पाकीट परत हातात. कोणी भांडले नाही, कोणी वाईट शब्द बोलले नाही. फक्त पाकीट परत आले. सहा महिन्यांत आम्ही तो धंदा बंद केला. मावशी म्हणाली, "खायाचं न्हाई घेत, तर अंगावर घालायचं करू." कापडाला कोणी वस्ती विचारणार नाही, एवढ्याच हिशेबाने आम्ही रंगकामाकडे वळलो.

आमच्या घराण्यात कोणी रंगारी नव्हते. रंगकाम रंगाऱ्याने करावे, घोंगडी सनगराने विणावी, अशी गावगाड्याची वाटणी होती. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिभेदाचे निर्मूलन' या निबंधात दाखवून दिले. जन्माने न मिळालेले काम शिकून घेणे ही आमच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. आणि शिकताना आमची जी फजिती झाली तीही लहान नव्हती!

पहिला रंग आम्ही हळदीचा केला. सांगली म्हणजे हळदीची पेठ, इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मग घरची हळद सोडून दुसरे काय घ्यायचे? कापड पिवळेधमक निघाले. उन्हात दोन दिवस वाळत घातले तर फिके पडले, आणि साबण लागला तिथे लाल डाग उठले. भाजीचा डाग धुताना हे आम्ही जन्मभर पाहत आलो होतो, तरी डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

तेव्हा कळले की रंग कापडावर नुसता चढून चालत नाही, धरून बसला पाहिजे. त्याची रीत अशी. नव्या सुती कापडातली खळ धुण्याच्या सोड्यात उकळून काढायची. मग किलोभर कापडाला सुमारे दोनशे ग्रॅम हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर भिजवायचे. वाळल्यावर दीडशे ग्रॅमच्या आसपास तुरटीच्या पाण्यात घालायचे. त्यानंतर रंग. हिरड्यातला तुरटपणा आणि तुरटी मिळून रंगाला पकडून ठेवतात. हिरडा आम्ही पाटणकडून आणतो, डाळिंबाची साल आटपाडीकडून, कांद्याची साल बाजार समितीच्या आवारात फुकट मिळते. डाळिंबाच्या सालीने पिवळा रंग येतो. त्याच कापडाला लोखंडाचे पाणी दाखवले की तो राखाडी होत जातो. हे लोखंडाचे पाणी म्हणजे गंजके खिळे आणि गूळ पाण्यात घालून पंधरा दिवस आंबवलेले. झाकण काढले की शेजारीण खिडकी लावून घेते, एवढा त्याचा वास. दुष्काळी भागातल्या बोअरच्या पाण्याने तोच रंग वेगळाच उतरतो, कारण त्या पाण्यात क्षार असतात. म्हणून आम्ही रंगासाठी पावसाचे पाणी पिंपात साठवून ठेवतो.

फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिथे करडईचे बिनकाट्याचे वाण तयार झाले, त्यामुळे पाकळ्या तोडणे सोपे झाले. करडईच्या पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्यात धुऊन जातो. लाल काढायला आधी सोड्याचे पाणी आणि मग लिंबाचा रस लागतो. रंग फार देखणा, पण ऊन सोसत नाही. आम्ही तो केला आणि सोडून दिला. रोज धुवायच्या कापडाला असला नाजूक रंग परवडत नाही.

सुतावर हात बसल्यावर लोकर घेतली. म्हसवडकडे माणदेशी मेंढ्यांची लोकर हाताने कातली जाते. काळ्या लोकरीवर रंग दिसतच नाही, म्हणून पांढरी-करडी लडी निवडून घ्यावी लागते. लोकर सुतासारखी खळखळ उकळून, हलवून चालत नाही. तशी केली की तिचा नमदा होतो. मंद आचेवर ठेवायची आणि पाण्यातच निवू द्यायची. पहिल्या चार लड्यांचा आम्ही नमदाच केला. त्यावर मावशीचे मांजर अजून झोपते.

एका वर्षावासात विहारात भंतेजींनी विनयपिटकातली एक गोष्ट सांगितली. महावग्गात चीवराविषयी एक प्रकरण आहे. भिक्खू पूर्वी शेणाने आणि पिवळ्या मातीने चीवर रंगवीत, रंग वाईट दिसे. तेव्हा भगवंतांनी सहा रंगांना परवानगी दिली. मुळाचा, खोडाचा, सालीचा, पानाचा, फुलाचा आणि फळाचा. रंग शिजला की नाही हे कळण्यासाठी त्याचा थेंब पाण्यावर किंवा नखावर टाकून पाहावा, चीवर उलटसुलट करत रंगवावे, आणि थेंब गळायचे थांबल्याशिवाय तेथून जाऊ नये, असे नियम सांगितले. आम्ही एकमेकींकडे पाहिले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या नियमात आमचीच पिंपे आणि आमच्याच दोऱ्या दिसत होत्या. परंतु ऐकणे वेगळे आणि पाळणे वेगळे. तो शेवटचा नियम आम्ही मोडला, आणि त्याची किंमतही मोजली.

नीळ इतर रंगांसारखी नाही. ती पाण्यात विरघळत नाही. चुना आणि गूळ घालून पिंप उबदार ठेवले की काही दिवसांत पाणी पिवळट-हिरवे होते, वर तांबूस साय धरते. त्यात कापड बुडवून बाहेर काढले की ते हिरवे दिसते आणि डोळ्यांदेखत निळे होत जाते, कारण हवा लागते. हिला हिरडा नको, तुरटी नको. हवा आहे फक्त धीर. थोडा वेळ बुडवायचे, हवेवर पूर्ण निळे होऊ द्यायचे, पुन्हा बुडवायचे. असे पाच-सहा वेळा केले तर नीळ धाग्यात शिरते. एकदाच दाट पिंपात घालून ठेवली तर ती वरवर बसते आणि घासली की उतरते.

या निळीने फार माणसे रडवली आहेत. बिहारमध्ये चंपारणात शेतकऱ्यांना बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत सक्तीने नीळ लावावी लागे. १९१७ साली त्याविरुद्ध लढा झाला. त्याआधीच, १८९७ साली, जर्मनीत कारखान्यातली नीळ विक्रीला आली होती आणि शेतातल्या निळीचा भाव घसरत चालला होता. आम्हा बौद्धांच्या घरात निळा रंग झेंड्याच्या आदराने येतो. पण त्या रंगामागे कष्टकऱ्यांचा इतिहासही आहे, हे मुलांना सांगितले पाहिजे.

२०१८ च्या एप्रिलात जयंतीसाठी चाळीस निळ्या ओढण्यांची मागणी आली. दोन वस्त्यांतल्या महिला मंडळांनी अडीचशे रुपयांप्रमाणे घेतल्या. हातात दहा हजार रुपये! दिवस थोडे होते, मार्चअखेर असल्याने कचेरीतही काम तुंबलेले. आम्ही सहा बुड्यांचे काम दोन बुड्यांत उरकले. शेवटची धुलाई घाईत केली. मावशी म्हणत होती, "अजून निळं गळतंय, ऱ्हाऊ द्या." आम्ही म्हणालो, "वाळल्यावर बसेल."

१४ एप्रिलला भर उन्हात मिरवणूक निघाली. सगळ्या भगिनी पांढऱ्या साड्यांत, खांद्यावर आमच्या ओढण्या. तासाभरात घाम आला आणि खांद्याची, मानेची, साडीची नीळ झाली. कोणी ओरडले नाही. एक आजी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पोरी, वंदनेची साडी हाय ही. लेकानं पहिल्या पगाराची आणलीया." त्या शब्दांपुढे आम्हाला मान वर करता येईना.

रात्री गटाची बैठक बसली. पैसे परत करायचे की नाही? गटाची सगळी मिळून बचत अठरा हजार रुपये. त्यात एकीच्या मुलीची परीक्षा फी होती, एकीच्या नवऱ्याचे औषध होते. एक म्हणाली, "नैसर्गिक रंग आहे, थोडा जायचाच, असं सांगू. दुकानदार सांगतातच की." खरे सांगायचे तर आमच्यापैकी तिघींना ते पटलेही होते. तेव्हा मावशी म्हणाली, "पापडाचं पाकीट लोकांनी वस्ती बघून परत दिलं. ते आपल्या हातात नव्हतं. हे आपल्या हातानं झालंय."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दारोदार गेलो. एकतीस जणींनी पैसे परत घेतले, सात हजार साडेसातशे रुपये. नऊ जणींनी घेतले नाहीत. त्यांच्या ओढण्या आम्ही आणून, साबणाने पुन्हापुन्हा धुऊन, सुटी नीळ काढून, नव्याने बुडवून दिल्या. बहुतेक साड्यांवरचा डाग घासून निघाला. तीन साड्यांचा निघाला नाही. दोघींनी त्या पूर्ण निळ्या रंगवून मागितल्या. आजींना मात्र पांढरीच पाहिजे होती. आम्ही नवी घेऊन दिली. लेकाने आणलेली ती नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही.

या दंडाने आम्हाला हिशेब शिकवला. बी.कॉम. असूनही तोवर आम्ही वहीत स्वतःची मजुरी लिहीत नव्हतो. कापड ११०, रंग ४०, जळण १५, एकूण १६५, विक्री २५०, म्हणजे नफा ८५ रुपये, असे आनंदाने लिहीत होतो. एका ओढणीमागे सगळ्यांचे मिळून अडीच तास जात. म्हणजे तो नफा नव्हताच, तासाला चौतीस रुपये मजुरी होती. घाई त्यातूनच आली. वेळेची किंमत वहीत नव्हती, म्हणून वेळ चोरला गेला.

आता वही अशी आहे. कापड १७०, रंग, चुना व गूळ ५५, जळण-पाणी २०, मजुरी १०५, पिशवी व एस.टी. भाडे १५, तूट १५, एकूण ३८० रुपये. विक्री ४५०. दहा ओढण्या एकदम घेतल्याने वेळ दीड तासावर आला आहे, तासाला ७० रुपये मजुरी धरली आहे. उरलेल्या सत्तर रुपयांतले वीस गटाच्या राखीव निधीत जातात, पुन्हा पैसे परत करायची वेळ आली तर असावेत म्हणून. महाग आहे, असे गिऱ्हाईक म्हणते. आम्ही वही पुढे ठेवतो. काही घेतात, काही जातात.

वही ही बाईची ढाल आहे. म्हसवडला १९९७ साली सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा पहिला अर्ज, प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने नाकारला होता. त्या बायका शिकल्या आणि पुन्हा गेल्या. आमची मावशीही आता आकडे लिहिते. आठ हा आकडा आडवा काढते, पण बेरीज चुकत नाही.

पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर आला. सांगलीतल्या बहिणीच्या घरात छातीएवढे पाणी होते. रंगवलेली लडी, निळीचे पिंप, कोरे कापड, सगळे गेले. पाणी उतरल्यावर चिखल काढत असताना साताऱ्याहून निरोप आला. जयंतीच्या त्याच एकतीस जणींपैकी अकरा जणींनी ओढण्यांचे पैसे आगाऊ पाठवले होते. सोबत आजींचा निरोप होता, "सावकाश करा. गळायचं थांबल्यावरच द्या."

आजही पक्की खात्री झाल्याशिवाय माल जात नाही. पांढऱ्या फडक्यावर ओली ओढणी घासून पाहतो. फडके निळे झाले तर ओढणी पुन्हा धुण्यात. ते फडके गिऱ्हाइकाला दाखवतो. ७ नोव्हेंबरला, म्हणजे १९०० साली साताऱ्यात बाबासाहेबांचे नाव शाळेच्या पटावर लागले त्या दिवशी, आम्ही ओढण्या घेऊन बसतो. अजूनही एखादी बाई कापड चाचपून विचारते, "कुठल्या वस्तीतल्या तुम्ही?" आम्ही नाव सांगतो. कोणी ओढणी खाली ठेवून जाते, कोणी दोन घेते. उत्तर मात्र आम्ही बदलत नाही.

ज्या भगिनींना हे काम सुरू करायचे आहे त्यांनी रंगाच्या आधी वही घ्यावी. तिच्यात स्वतःची मजुरी पहिल्या पानावर लिहावी. आणि घरातली म्हातारी माणसे "अजून राहू द्या" म्हणाली, तर राहू द्यावे.