बरगडीच्या फटीतलं दुखणं

कुपवाडच्या एमआयडीसीतला कामगार ताप आला की आधी मेडिकल गाठतो. दोन दिवसांच्या गोळ्या, भरपूर घाम, पुन्हा पाळीवर हजर. संध्याकाळी परत हुडहुडी. आठवड्यानं दवाखान्यात येतो तो उजवा खांदा धरून: ‘पोतं उचलताना चमक भरली बघा.’ मुरलेला डॉक्टर खांदा सोडून उजव्या बरगड्यांच्या फटींत एकेक बोट दाबत जातो. एका फटीशी रुग्ण त्याचं मनगटच पकडतो. यकृतातलं गळू वरच्या श्वासपटलाला डिवचतं आणि दुखणं निघतं खांद्यावर.

सोनोग्राफीत पोकळी दिसते, पण पू कोणाचा, हा प्रश्न उरतोच. अमिबाचा असेल तर बहुतेकदा मेट्रोनिडाझोलवर भागतं. जिवाणूंचा असेल तर बहुधा तो बाहेर काढावा लागतो. पुस्तकात अमिबाचा पू तपकिरी आणि बिनवासाचा असतो. प्रत्यक्षात त्या मेडिकलच्या गोळ्यांनी घोळ घातलेला असतो: कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि जिवाणूंचं गळू अमिबाच्या नावावर खपतं. म्हणून जाणता डॉक्टर अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन देण्याआधी रक्त कल्चरसाठी काढून घेतो. साखरही बघतो. मधुमेह्यात क्लेब्सिएलाचा संशय मोठा, आणि हा जंतू कधीकधी रक्तातून डोळ्यात उतरतो. ‘नजर धूसर झालीय का?’ हे विचारायचं राहिलं तर डोळा जाऊ शकतो.

१९३८ साली अमेरिकेत ऑश्नर, डिबेकी आणि मरे यांनी यकृतातल्या जिवाणूंच्या गळूच्या ४७ रुग्णांचा अभ्यास मांडला, तेव्हा संसर्गाचं मूळ बहुधा अपेंडिक्समध्ये सापडे. आता ते पित्तनलिकेत जास्त शोधावं लागतं.

मिशनरी सर्जन वानलेस यांच्या काळापासून शस्त्रक्रियांसाठी नावाजलेली मिरज कुपवाडहून हाकेच्या अंतरावर. पण आज अशा बहुतेक रुग्णांचं पोट उघडावं लागत नाही. जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर ठेवत पिगटेल ही टोकाशी वळलेली बारीक नळी आत सरकवली जाते. नळीला जोडलेली पिशवी पुवानं भरू लागते, काही दिवसांत ताप उतरतो आणि खरी कटकट सुरू होते.

‘ताप गेलाय की आता, नळी काढा की!’ खाडे पडून पगार कापला जात असतो, त्याची घाईही खोटी नसते. डॉक्टर पिशवीतले मिलिलिटर बघतो. पू जवळजवळ थांबला, सोनोग्राफीत पोकळी आक्रसली, तरच नळी निघते. औषध मात्र साधारण चार ते सहा आठवडे. डिस्चार्ज कार्डावर तो एक ओळ हातानं लिहितो: पोकळी काही महिने दिसत राहील, ताप नसेल तर सुई घालू नये.